शिस्तभंगाची नोंद आणि तुझे कॉलेजचे अर्ज

चि. अद्वैत यास,
अनेक आशीर्वाद.

रसायनशास्त्राच्या प्रयोगाचा अहवाल मित्राला उतरवून घ्यायला दिल्याबद्दल गेल्या वर्षी शाळेने तुला निलंबित केले, आणि आता कोणतेही चांगले कॉलेज आपल्याला घेणार नाही असे तू धरून बसला आहेस. बाबांच्या मते हल्ली या गोष्टी कोणी विचारतच नाही. मला दोन्ही मते अर्धवट वाटतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे. ‘कॉमन ॲप’च्या (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना मिळून करता येणाऱ्या एकाच अर्जाच्या) सामायिक भागात शाळेतील शिस्तभंगाविषयी प्रश्न असे, तो २०२१-२२च्या प्रवेशवर्षापासून काढून टाकण्यात आला. त्यामागचे कारण तू समजून घ्यावेस. श्वेतवर्णीय मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांना दुपटीहून अधिक प्रमाणात त्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर द्यावे लागत होते, आणि ‘होय’ लिहिणाऱ्यांपैकी अर्ज अर्धवट सोडून देणाऱ्यांचे प्रमाणही इतरांपेक्षा जास्त होते. कॉलेजने नाही म्हणण्याआधी मुलेच स्वतःला नाही म्हणत होती. तुझेही सध्या तेच चालले आहे.

मात्र सामायिक भागातून प्रश्न गेला, तरी प्रत्येक कॉलेजला आपल्या स्वतंत्र प्रश्नांत तो विचारण्याची मोकळीक आहे. तेव्हा यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा प्रश्न शब्दन् शब्द वाच. कोणी फक्त निलंबन आणि शाळेतून काढून टाकणे एवढेच विचारील, तर कोणी प्रोबेशन, म्हणजे ठरावीक काळ देखरेखीखाली ठेवण्याची शिक्षासुद्धा त्यात धरील. जेवढे विचारले असेल तेवढ्याचे खरे उत्तर द्यायचे; न विचारलेले ओढूनताणून सांगायला जाऊ नकोस आणि विचारलेले दडवू नकोस. अर्जाच्या शेवटी ‘दिलेली माहिती खरी आहे’ अशा निवेदनाखाली तुझी सही असते, आणि ती माहिती खोटी ठरली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. जुन्या निलंबनापेक्षा मला ही शक्यता कितीतरी गंभीर वाटते.

शाळेनेच कॉलेजला कळवले तर, ही तुझी दुसरी भीती. ‘फर्पा’ या विद्यार्थ्यांच्या शालेय नोंदींविषयीच्या १९७४च्या अमेरिकी कायद्याने, विद्यार्थी जिथे प्रवेश घेऊ पाहतो त्या संस्थेला त्याच्या नोंदी देण्याची मुभा शाळेला आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात काय पाठवायचे हे शाळाशाळांवर अवलंबून असते, म्हणून आपल्या काउन्सेलरबाईंनाच थेट विचार. कॉलेजला त्यांनी दिलेले उत्तर आणि तुझे उत्तर यांत तफावत राहता कामा नये.

याच कायद्याने तू अठरा वर्षांचा होईपर्यंत तुझी नोंद पाहण्याचा हक्क आम्हा पालकांना आहे आणि मागणी केल्यावर शाळेला ४५ दिवसांच्या आत ती दाखवावी लागते. मी ती पाहून आले. कारणाच्या रकान्यात ‘दुसऱ्याचा अहवाल उतरवला’ असे लिहिले आहे. तू तो उतरवला नव्हतास, उतरवायला दिला होतास. शिक्षा योग्य होती की नाही हा वाद या कायद्याच्या आधारे उकरून काढता येत नाही (आणि ती योग्यच होती असे माझे मत आहे), परंतु चुकीचा मजकूर दुरुस्त करण्याची मागणी करता येते. शाळेने नकार दिला तर सुनावणी मागता येते, आणि तिथेही निकाल आपल्या विरोधात गेला तर आपले म्हणणे त्या नोंदीला जोडून ठेवता येते. दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.

आता अर्जात द्यायच्या तुझ्या खुलाशाविषयी. तू लिहिलेला मसुदा वाचला. ‘गैरसमजातून घडलेला प्रकार’ हे शब्द आधी काढ, कारण गैरसमज कोणाचाच झाला नव्हता. मित्राच्या घरच्या अडचणींची हकिगतही काढ; ती सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. काय केलेस, शाळेने काय कारवाई केली आणि त्यानंतर प्रयोगशाळेत तुझे वागणे कसे बदलले, एवढे आठ-दहा वाक्यांत पुरे. यंदा तू नवव्या इयत्तेतल्या मुलांना प्रयोगाची वही स्वतः कशी लिहायची ते शिकवतोस, हे मसुद्यात कुठेच नाही. पश्चात्तापाची विशेषणे मात्र भरपूर आहेत. मी किंवा बाबा हा मजकूर लिहून देणार नाही. वाचणाऱ्याला मोठ्यांची भाषा लगेच ओळखू येते.

पहिल्या अर्जांची मुदत १ नोव्हेंबरला संपते. त्याआधी काउन्सेलरबाईंची वेळ घे, आणि जाताना प्रत्येक कॉलेजचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून सोबत ने.

तुझी,
आई