पोरं जाऊ देत, पण घडवणाऱ्यांचे पैसे द्या

संपादक साहेब, छोट्या फुटबॉल अकादमीतली पोरं श्रीमंत क्लब उचलतायत यावरचा तुमचा लेख वाचला, पण 'मुलाला संधी मिळतेय ना, मग तक्रार कशाला' हे काही पटलं नाही. पोरगा जातो यात त्याचा किंवा आईबापांचा काहीच दोष नाही, कोणीही जाईल. प्रश्न भरपाईचा आहे, म्हणजे पोरगा नेणाऱ्या क्लबने त्याला घडवणाऱ्या अकादमीला द्यायच्या पैशांचा. इंग्लंडमध्ये २०१२ ला दर ठरवून टाकले, तेव्हा ९ ते ११ वयासाठी सुरुवातीची भरपाई अकादमीत काढलेल्या दर वर्षामागे फक्त ३,००० पाउंड होती, पुढे सीनियर टीममध्ये खेळला तर आणखी मिळतात म्हणे, पण तिथवर पोचतात किती? ज्या कोचने पावसात थांबून त्याला डाव्या पायाने पास द्यायला शिकवलं त्याचा पगार यातून निघतो का? ब्रेंटफर्ड या इंग्लिश क्लबने २०१६ मध्ये अकादमीच बंद केली, मोठे क्लब चांगली पोरं किरकोळ रकमेत नेतात हे एक कारण त्यांनीच सांगितलं होतं. खेळाडू विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना द्यायचे, हा जागतिक फुटबॉल संघटना फिफाचा नियम मुख्यतः दुसऱ्या देशातल्या क्लबकडे ट्रान्सफर झाली तरच लागतो. देशातल्या देशात होणाऱ्या प्रत्येक ट्रान्सफरलाही तो लावा, आणि पैसे थेट अकादमीच्या खात्यात जाऊ देत.

एक वाचक