परतल्यावर आधी बँक, मग प्लॉट

संपादक महाशय,

आखातात, अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं काढून कोल्हापुरात कायमचं परतणाऱ्यांच्या घरी पहिले काही दिवस पै-पाहुण्यांची रीघ लागते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत जो तो एकच विचारतो, ‘आता पुढं काय?’ या रेट्यात प्लॉट, गाडी, दुकान झटपट ठरतं आणि बँकेचं काम वर्षभर रेंगाळतं. क्रम नेमका उलटा हवा.

कायम राहायच्या इराद्यानं माणूस परतला, की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या लेखी तो निवासी होतो. एनआरई (परदेशातल्या कमाईचं) आणि एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाचं) ही एनआरआयची खाती तेव्हाच निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. एनआरई ठेवीवरचं व्याज करमुक्त असतं, ते अनिवासी असेपर्यंतच. बँकेला कळवलंच नाही तर ती टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापायचा कर, कापत नाही. खातेदार समजतो सगळं आलबेल आहे, आणि पुढं कर व्याजासकट अंगावर येतो. एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली एनआरआयची मुदत ठेव, मात्र मुदत संपेपर्यंत ठरल्या दरानं चालू राहू शकते, ती मोडायची घाई नको. डॉलर, पौंड इतक्यात रुपयांत बदलायचे नसतील तर आरएफसी, म्हणजे परतलेल्या निवासी माणसाचं परकीय चलनातलं खातं, उघडता येतं. हे खातं बरेच जण विचारतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

प्राप्तिकराचा हिशेब वेगळा, तिथं भारतात राहिल्याचे दिवस मोजतात. मागच्या दहापैकी नऊ आर्थिक वर्षं अनिवासी असलेल्याला, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेल्याला ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. तो साधारण दोन वर्षं, कधी तीन वर्षं टिकतो. त्या काळात तिकडच्या घराचं भाडं किंवा तिकडच्या बँकेतलं व्याज इथं करपात्र नसतं. तिकडची मालमत्ता विकायची असेल तर सीएला गाठून याच मुदतीत विचार करावा. जुने पासपोर्ट जपून ठेवा, दिवसांचा पुरावा त्यातल्या शिक्क्यांत असतो.

उसाचं रान घ्यायची हौस अनेकांना असते. एनआरआय असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली चालते. परतल्यावरही महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला लागतो. तेव्हा इसार देण्याआधी स्वतःच्या नावावरचा सातबारा काढून बघा.

सामानाचं थोडक्यात. अमेरिकेतलं वॉशिंग मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर (विजेच्या वारंवारतेवर) चालतं. आपल्याकडं २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट उतरतात, हर्ट्झ तेच राहतात. मग साधी मोटर हळू फिरते, तापते आणि जळूही शकते. सौदीतही ६० हर्ट्झच आहेत, त्यामुळं तिकडचा फ्रिज आणतानाही मागची व्होल्ट-हर्ट्झची पट्टी वाचावी. चार्जरवर ‘१००-२४०’ छापलं असेल तर नुसती पिन बदलली की भागतं.

मुलांचं मात्र मनावर घ्यावं. तिकडचा पासपोर्ट असलेल्या मुलाला इथं राहायचं तर तिकडून निघण्याच्या आधीच ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) काढून ठेवावं. शिवाय २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. घरी मराठी बोलणारं पोरही सहावीत येऊन जोडाक्षरांपाशी अडतं आणि वर्गात गप्प बसायला लागतं. जूनआधी दोन-तीन महिने रोज अर्धा तास त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. शाळेत हसू होईल ही त्याची भीती खरी असते, तिला ‘होईल सगळं’ म्हणून उडवून लावू नये.

आणि भाऊबंदांना कळकळीची विनंती. परतलेल्याच्या खात्यावर रक्कम दिसते, पण महिन्याचा पगार थांबलेला असतो. तालमीची वर्गणी, हातउसनं, भागीदारीचं बोलणं सहा महिने तरी त्याच्यासमोर काढू नये.

– एक निवृत्त बँक अधिकारी, राजारामपुरी, कोल्हापूर