सीटी नॉर्मल आला, तरी

नागपूर, २४ मे

प्रिय बाळ्या,

फोनवर तू सारखं एकच विचारत होतास, "बाबा ठीक आहेत ना?" ठीक आहेत. जेवतात, पेपर वाचतात, मला दोन शब्द सुनावूनही झाले. पण शेजारी काकू बसल्या होत्या, त्यांच्यासमोर सगळं बोलता येईना, म्हणून लिहायला बसलो.

पहाटे काका लघवीला उठले. कूलरची टाकी ठिबकून फरशी ओली झालेली, त्यात अंधार. पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू उंबऱ्यावर आपटली. शुद्ध गेली नाही, टेंगूळ तेवढं आलं. मी पोचलो तेव्हा वाड्यातले सगळे म्हणत होते, रक्त नाही, उलटी नाही, चालता-बोलता माणूस, दवाखान्यात काहून नेता? मी ऐकलं नाही. काकांचं वय ७६, आणि स्टेंट बसल्यापासून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. हृदयात गुठळी होऊ नये म्हणून घेतलेल्या त्याच गोळ्यांमुळे डोक्यातला रक्तस्राव लवकर थांबत नाही. पासष्टीच्या पुढे तर नुसतं वयच डोक्याच्या मारात धोक्याचं धरतात. सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. तू "सुटलो" म्हणालास, तिथेच मला तुला थांबवायचं होतं.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मग मेंदूवरून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ दणक्यानेही तुटू शकतात. रक्त हळूहळू साचतं. आत मोकळी जागा असल्यामुळे सुरुवातीला काहीच कळत नाही. दाब जाणवायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. याला डॉक्टर क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. पहिल्या दिवशीचा स्कॅन चांगला आला म्हणजे पुढचे सगळे दिवस चांगले, असं धरून चालता येत नाही.

माझ्या मावशीचं हेच झालं होतं. डोक्याला मार लागलेला घरचे विसरूनही गेले होते. मग ती वरणात दोनदा मीठ घालायला लागली, दिवसा झोपायला लागली, चिडचिडी झाली. आल्यागेल्या प्रत्येकाने "वय झालं आता" म्हणून सोडून दिलं. तिच्या सुनेच्या मात्र लक्षात आलं की डाव्या पायातलीच चप्पल सारखी निसटते. तिने हट्टाने स्कॅन करायला लावला. कवटीला लहानसं भोक पाडून साचलेलं रक्त काढलं आणि मावशी पुन्हा पहिल्यासारखी झाली. बाळ्या, "वय झालं" या दोन शब्दांचा मला तेव्हापासून संताप येतो. बरं होणारं दुखणं त्यांच्याखाली दडून बसतं.

म्हणून आता तुझं काम सांगतो. रोज व्हिडिओ कॉल कर आणि नुसतं "कसे आहात" विचारू नकोस. काल काय जेवलात, कोण आलं होतं, ते विचार. दोन्ही हात समोर धरायला सांग, एक खाली येतो का बघ. वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, शब्द न सापडणं, चालताना एका बाजूला झुकणं, यातलं काहीही दिसलं तर मला लगेच सांग, रात्रीचे दोन असले तरी. फिट आली, उलट्या सुरू झाल्या किंवा जागे होईनात, तर आधी १०८. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायला सांगू नकोस, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तेही जिवावरचंच. ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. डोकं दुखलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेनही नको, असं काकूंना बजावलंय.

एका बाबतीत मात्र मी तुझं ऐकणार नाही. "त्यांना आता खोलीबाहेर पडू देऊ नका" म्हणालास. चार आठवडे बसवून ठेवलं तर मांड्यांतली ताकद जाईल आणि पुढचं पडणं आपणच ओढवून घेऊ. पडण्याची भीती त्यांच्या मनात आत्ताच बसली आहे, भिंत धरून चालतात. संध्याकाळी ऊन उतरलं की मी सोबत चालतो.

पडले का, हेही शोधायला हवं. फरशी ओली होती खरी, पण उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली, असं त्यांनी मला नंतर हळूच सांगितलं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजायला सांगितलंय. आपल्याकडचा मे, घाम भरपूर, रात्री उठावं लागू नये म्हणून ते संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, वर बीपीची गोळी आणि झोपेची गोळी. झोपेची गोळी कुणी, कधी लिहून दिली ते काकूंनाही आठवत नाही. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवणार आहे. कूलर दुरुस्त झाला, पलंगाजवळ रात्रीचा दिवा लावला. संडासाजवळ धरायला दांडी बसवायला गवंडी सांगितलाय.

तू आत्ता धावत येऊ नकोस. आत्ता मी आहे, वाडा आहे, सगळे सावध आहेत. सुट्टी जूनच्या मध्याला घे, तेव्हा टेंगूळ जिरलेलं असेल आणि सगळे निर्धास्त झालेले असतील. तिकीट काढलंस की कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
दिन्या