सगळ्यात मागे राहणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाहीये, टाकलं तर तुम्ही फोन करून झापाल मला. पण आपल्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये नुसतं 'शेपूट काका' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते.

ग्रुपवर थँक्यू कुणाला मिळतं? ज्याने रूट ठरवला त्याला, ज्याने फोटो काढले त्याला आणि जो घाट सगळ्यात आधी चढला त्याला तर विचारूच नका. आपण दोघं वर पोचेपर्यंत त्या मंडळींचा दुसरा चहा झालेला असायचा. मागे कोण होतं, कोणामुळे कोण पोचलं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून हे पत्र.

लेक बंगलोरला गेला आणि त्याची हायब्रिड सायकल बाल्कनीत धूळ खात पडली, त्यावर बसून मी तुमच्यात आले. वय पंचेचाळीसच्या पुढे, गुडघे बरे, दम यथातथा. आणि तुमच्या लोकांनी पहिल्याच राईडला धरला बोपदेव घाट! कोंढवा, येवलेवाडी होईपर्यंत मी खुशीत होते, मग तो चढ समोर आला आणि सगळे भराभर पुढे निघून गेले. जाताना प्रत्येक जण मला 'आलंच आता, थोडंच राहिलंय' म्हणून जात होता. एक वळण संपलं की पुढे तेवढाच रस्ता दिसायचा आणि मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हा मागून तुमचा आवाज आला, 'अजून बरंच आहे हो, पण आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?' खरं सांगते काका, त्या वाक्याने जेवढा धीर आला तेवढा त्या सगळ्यांच्या 'आलंच' ने नाही आला. खोटं न बोलता धीर देणारी माणसं कमी असतात.

आणि तुम्ही बाजूला येऊन गप्पा मारत नव्हतात, हे मला फार नंतर कळलं की मुद्दामच. चढावर बोलायला लागलं की श्वास जातो. तुम्ही आपले थोडं अंतर ठेवून मागे, तुमचा तो लाल लाईट उजेड झाला तरी लुकलुकत, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आधी तुम्ही दिसणार, मग मी. अधूनमधून फक्त कामाचं बोलायचं. 'पुढचं वळण खडं आहे, आत्ताच गिअर हलका करा, जोर लावताना बदलला तर चेन कुरकुरते.' 'आतून नका घेऊ, वळण बाहेरून घ्या, आतल्या बाजूला चढ जास्त असतो, पण आधी मागे बघा.' 'तहान लागायच्या आधी दोन घोट प्या.' सीट बुटकी आहे हे तुम्हीच पाहिलंत, पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवून पाय सरळ झाला पाहिजे हे दाखवलंत, आणि मी गुडघ्यासाठी डॉक्टर शोधत होते ते तिथेच थांबलं.

सासवडला पोचल्यावर बाकीचे मिसळीवर तुटून पडले, तुम्ही मात्र मला आधी कऱ्हेच्या काठी संगमेश्वराच्या देवळात नेलंत, मग सोपानकाकांच्या समाधीला. जवळच्या कोडीतचे आचार्य अत्रे, पुरंदरची अंजिरं ज्यांना 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पलीकडे पुरंदर किल्ला जिथे 1657 साली संभाजीराजे जन्मले, हे सगळं तुम्ही बूट काढता काढता सांगत होतात. मी जन्मभर पुण्यात राहिले, सासवडवरून गाडीने कितीदा गेले असेन, पण गाडीने सासवड म्हणजे जेजुरीच्या आधीचं ट्रॅफिक, बस. सायकलवरून कळलं की घाट चढला की हवा बदलते, मातीचा रंग बदलतो, वाटाण्याच्या शेतात पहाटेच तोडणी सुरू असते आणि बायका हात करून विचारतात 'कुठून आलाय गं?'

एक गोष्ट ग्रुपवर कुणी बोलत नाही, मी बोलते. कुठल्या पेट्रोल पंपावरच्या टॉयलेटला आतून कडी आहे आणि कुठे पाणी असतं, हे तुम्हाला पाठ होतं, आणि तुम्ही ते वहिनींना विचारून, लाज न वाटता, ग्रुपमधल्या प्रत्येक नव्या बाईला सांगायचात. आज आमच्यात बायका वाढल्यात ना, त्याचं क्रेडिट लोक त्या रंगीत जर्सीला देतात. मी त्या कड्यांना देते!

पंक्चरचा किस्सा तर लिहायलाच हवा. झेंडेवाडीच्या आसपास मागचं चाक बसलं, मला वाटलं आता काका करतील, तर तुम्ही दगडावर बसून केळं सोलायला घेतलंत. 'मी सांगतो, तुम्ही करा.' चेन सगळ्यात छोट्या चक्रावर आणा मग चाक काढा, ट्यूब बाहेर, आणि नवीन घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, पण हळू. सापडलं बाभळीच्या काट्याचं टोक, तसंच अडकून बसलेलं. ते राहिलं असतं तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत गेली असती. हात काळे, घाम, पंप मारून खांदे गेले, पण चाक भरलं तेव्हा मला बारावीच्या रिझल्टला नव्हता झाला एवढा आनंद झाला. ट्यूबचे पैसे अजून घेतले नाहीत तुम्ही, हा माझा राग आहे.

मग दिवे घाटाचा उतार. वरती विठोबाची ती उंच मूर्ती, खाली मस्तानी तलाव, आणि मी हँडल गच्च धरलेलं. 'ब्रेक दाबून धरू नका, दाबा-सोडा दाबा-सोडा, नजर वळणाच्या पलीकडे, बूड मागे.' उतारावर तरी तुम्ही पुढे जाल असं वाटलं होतं, तिथेही मागेच.

आपलं सगळंच पटतं असं नाही. बायकांनी त्या रस्त्याला एकट्याने जाऊ नये हे तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही, मी जाते. लिंबू-मीठ-साखर हे इलेक्ट्रालपेक्षा भारी असतं यावरही आपण वाद घातलाय. पण एकटी जाते तेव्हा बॅगेत ट्यूब, टायर काढायचा लिव्हर, पंप असतो आणि ते वापरता येतं, ते तुमच्यामुळे.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वहिनींकडून कळलं. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सायकलला हात लावू नका, आणि लावलात तर बोपदेव नको, दिवे घाट तर नकोच, तिथे रुंदीकरणाच्या कामाने नुसती धूळ आहे. खडकवासल्यापर्यंत जाऊ, धरणावर कणीस खाऊ, परत येऊ. मागे कोण राहणार ते निघताना भांडून ठरवू.

तुमची,
हायब्रिडवाली