दगडाचा कस

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो कितीदा तरी मोठा करून पाहिला. पिवळाजर्द दगड, चौकोनी ठोकळ्यांचे स्फटिक, त्यांच्या अंगावर बारीक समांतर रेघा. आणि खाली तुझा प्रश्न: हा धातू की अधातू?

माझ्या मते हा पायराइट आहे. लोखंड आणि गंधक यांचं संयुग. म्हणजे एक धातू आणि एक अधातू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेत की तुझा प्रश्न त्याला लागूच पडत नाही. धातू, अधातू, धातुसदृश ही वाटणी मूलद्रव्यांची. खनिजं बहुतेक संयुगंच असतात. सोनं, तांबं, गंधक अशी थोडी मूलद्रव्यं मात्र निसर्गात सुटीही सापडतात. म्हणून खनिजाबद्दल बोलताना ‘धातूसारखी चकाकी’ एवढंच म्हणतात, आणि ते मला फार योग्य वाटतं.

खात्री करायची तर त्याचा कस बघ. फरशीच्या मागच्या, झिलई नसलेल्या खरखरीत बाजूवर दगड जोरात ओढ. सोनं पिवळी रेघ सोडतं. पायराइट इतका पिवळा असून रेघ उमटते हिरवट काळी! पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फरशी पुसून पुन्हा ओढली होती. शिवाय सोन्यावर चाकूने सहज ओरखडा उठतो, यावर उठत नाही. हातोडीखाली सोनं पसरतं, याचा चुरा होतो.

आता मूलद्रव्यांकडे वळू. चकाकतो, कठीण असतो, वीज वाहून नेतो तो धातू, असं आपण घोकलं. पण सोडियम चाकूने कापता येतो, पारा तर द्रवच. उलट आयोडीन चकाकतं, ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आणि हिरा तांब्यापेक्षा कितीतरी चांगली उष्णता वाहून नेतो, तिन्ही अधातूच.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती तापवून बघण्याची परीक्षा. तांब्याची तार तापवली की तिचा विद्युतरोध वाढतो. मोकळे इलेक्ट्रॉन तिच्यात आधीच भरपूर असतात. अणू जास्त थरथरू लागले की इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे येतात. शुद्ध सिलिकॉनमध्ये नेमकं उलटं. तिथे इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले, उष्णतेने काही सुटतात आणि वीज जास्त वाहते. दिसायला करडं, चकचकीत, अगदी धातूसारखं. पण ठोकलं की काचेसारखं फुटतं. ‘धातुसदृश’ हा शब्द किती नेमका आहे बघ.

जर्मेनियमही त्यातलंच. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागेवरून त्याचं भाकीत केलं, अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ धरून. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंक्लरला ते एका चांदीच्या खनिजात सापडलं, आणि घनता निघाली जवळपास ५.३५. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आणि कथिल! पांढरं, मऊ, पक्का धातू. पण १३ अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिलं तर त्याची करडी भुकटी होऊ शकते, आणि ती अर्धवाहकासारखी, म्हणजे सिलिकॉनसारखी वागते. अणू तेच, फक्त त्यांची मांडणी बदलते. मग त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं? मी धातूतच ठेवतो, पण पेन्सिलीने लिहून.

कस काढलास की रेघेचा फोटो लगेच पाठव.

तुझा,
अनिरुद्ध