गाठ दुखत नाही, म्हणूनच सांगितली जात नाही

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्यामुळे बाई ती अंगावर काढते, लाजेपोटी घरातही बोलत नाही. गावात हा विषय तिच्याशी काढू शकेल अशी व्यक्ती म्हणजे आशाताई. तिशीपुढच्या लोकांचा जोखीम तपासणी अर्ज त्याच भरतात. स्तनात गाठ, आकारात बदल, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, हे सारे त्यात विचारलेले असते. पण ओसरीवर सासू-दीर ऐकत असताना विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार! त्यासाठी उपकेंद्रात दार लावता येईल अशी खोली हवी.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांचा २० वर्षे अभ्यास केला; निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक अंतराने केवळ हाताने तपासणी केली. पन्नाशी व त्यापुढच्या महिलांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. (पन्नाशीखाली तसा फरक दिसला नाही, हेही नमूद करायला हवे.) मॅमोग्राफीचे (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे) यंत्र नसलेल्या तालुक्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

मात्र गाठ सापडल्यावर पुढे काय? सोनोग्राफी, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) यासाठी जिल्ह्याला जायचे म्हणजे मजुरी बुडणार, भाडे लागणार. कित्येक जणी इथेच थांबतात. अशा महिलेसोबत जाणाऱ्या आशाताईला त्या दिवसाचा मोबदला आणि दोघींनाही प्रवासखर्च मिळावा, तपासणीची तारीख उपकेंद्रातूनच ठरवून द्यावी, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक वाचक