तक्रार पत्र: ते वादळ नव्हतं, दुपारचे अडीच वाजले होते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सरोवरावरील शिडाच्या बोटीची ‘लहान गटाची सहल’ ठरल्याप्रमाणे न दिल्याबद्दल व बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवल्याबद्दल तक्रार. ‘वादळ’ हे कारण मला मान्य नाही.

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमचं चार ओळींचं उत्तर आलं. अचानक आलेल्या वादळामुळे सहल आटोपती घ्यावी लागली, हवामान आमच्या हातात नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या सहलीवर २० टक्के सवलत देऊ. हे मी आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला आणि विचारलं, “वादळ? ते कधी आलं गं?”

तिचाच प्रश्न मी तुम्हाला विचारते आहे. पत्र लांबलं आहे, त्याला इलाज नाही. चार ओळींत झटकलेली गोष्ट चार ओळींत परत मांडता येत नाही.

आधी आम्ही काय विकत घेतलं ते सांगते. सकाळी साडेसातची सहल, चार तासांची. जास्तीत जास्त ८ पाहुणे, एक नावाडी आणि एक मदतनीस. इंजिन फक्त धक्क्यावरून निघायला आणि परत लागायला, एरवी शीड. मधल्या खाडीसारख्या वळणात नांगर टाकून अर्धा तास थांबा. ज्याला हवं त्याला थोडा वेळ सुकाणू हातात. ही सगळी तुमच्या माहितीपत्रकातली वाक्यं आहेत, माझी भर एकाही शब्दाची नाही. आम्ही चौघं होतो: ७१ वर्षांची आई, बहीण, तिचा ९ वर्षांचा मुलगा आणि मी.

आदल्या रात्री नऊ वाजता तुमच्या कार्यालयातून फोन आला. बोटीचं काही काम निघालं आहे, सकाळऐवजी दुपारी २ ला या. आम्ही गेलो. धक्क्यावर आमच्यासारखेच सकाळचे आणखी दोघं होते आणि दुपारचं बुकिंग असलेला सहा जणांचा दुसरा गट. त्यांनाही ‘लहान गट’ असंच सांगितलं होतं. बोट मात्र एकच. सकाळी तिचं कसलंही काम निघालेलं नव्हतं, तुमच्याकडे त्या दिवशी माणसं कमी होती. हे मला कोणाकडून कळलं ते मी लिहिणार नाही. दोन लहान गट एका बोटीत कोंबले की एक मोठा गट होतो, एवढा हिशोब माझ्या भाच्यालाही येतो. त्याने तो धक्क्यावरच मोठ्याने केला.

बारा पाहुणे आणि नावाडी मिळून तेरा. मदतनीस नव्हताच. बोटीच्या पायऱ्यांजवळ क्षमतेची पट्टी आहे, तिच्यावर ‘कमाल १० व्यक्ती’ असं कोरलेलं आहे. त्या पट्टीवर एक ओला टॉवेल वाळत घातला होता. मुद्दाम घातला होता असं मी म्हणत नाही. टॉवेल बाजूला करून काढलेला फोटो सोबत जोडला आहे.

आता वादळाकडे येऊ.

कॉलेजात असताना मी दोन वर्षं शिडाची छोटी बोट चालवायला शिकले. मी काही दर्यावर्दी नव्हे, पण वारा किती आहे हे पाण्याकडे बघून सांगता येण्याइतपत शिकले. १८०५ च्या सुमारास ब्रिटिश आरमारातले अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी वाऱ्याची जी ० ते १२ अशी पट्टी आखली, ती आजही जगभर वापरली जाते. त्या पट्टीत पाचव्या क्रमांकाची खूण अशी सांगितली जाते: पानं असलेली लहान झाडं डोलू लागतात आणि जमिनीने वेढलेल्या जलाशयांवर फेसाळ माथ्याच्या छोट्या लाटा उठतात. त्या दुपारी आम्ही धक्क्यावर उभं राहून नेमकं हेच पाहत होतो. बोट बांधलेली असतानाच डोलकाठीवरच्या वाऱ्याच्या मीटरने १८ नॉट दाखवले, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. बोट बांधलेली होती हे मुद्दाम लिहिते आहे, कारण चालत्या बोटीवर मोजलेल्या वाऱ्यात बोटीच्या वेगाची भेसळ होते. हा आकडा निर्भेळ आहे. पाचव्या क्रमांकाची हद्द ताशी २९ ते ३८ किलोमीटर. ज्याला त्या पट्टीत वादळ म्हणतात तो क्रमांक दहावा, ताशी ८९ किलोमीटरपासून पुढे. तुमच्या उत्तरातलं ‘वादळ’ आणि आमच्या अंगावरचा वारा यांच्यामध्ये पाच पायऱ्या आहेत.

आणि ‘अचानक’? उन्हाळ्यात डोंगरातल्या सरोवरावर स्वच्छ दिवशी दुपारी वारा वाढणं यात अचानक काय आहे? सकाळी ऊन उतारांवर पडतं, तिथली हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला खोऱ्याच्या तोंडाकडून हवा आत ओढली जाते. खोरं अरुंद असलं की तोच वारा चिमटीत सापडल्यासारखा जोर धरतो. रात्री उलट: उतार निवतात, गार हवा खाली घसरते, आणि ती ओसरली की सकाळी पाणी आरशासारखं पडून असतं. इटलीतल्या गार्डा सरोवरावर तर या दोन्ही वाऱ्यांना नावं आहेत. सकाळी उत्तरेकडून येतो तो पेलेर, दुपारी दक्षिणेकडून येतो तो ओरा. तिथे शिडाच्या बोटी चालवणारे दिवसाचा बेतच त्यांच्यावर आखतात. घरी पाहुणा रोज ठरल्या वेळेला येत असेल, तर त्याला अवचित आलेला म्हणत नाहीत.

हे तुम्हाला ठाऊक नाही असंही नाही. तुमच्याच माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, सकाळच्या सहलीच्या चौकटीत छापलं आहे: ‘सकाळी पाणी शांत, शिखरांची प्रतिबिंबं स्पष्ट, कुटुंबासाठी उत्तम.’ आणि दुपारच्या चौकटीत: ‘वारा जोरदार, थोडा अनुभव असलेल्यांसाठी.’ हे दोन्ही तुम्ही लिहिलंत, आणि मग ७१ वर्षांच्या बाईला आणि ९ वर्षांच्या मुलाला पहिल्या चौकटीतून उचलून दुसऱ्या चौकटीत ठेवलंत. फोन करणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हवामान तुमच्या हातात नाही हे खरं. वेळापत्रक कोणाच्या हातात आहे?

पाचव्या क्रमांकाच्या वाऱ्यातही ती २८ फुटी, तळाला जड कील, म्हणजे तोल सांभाळणारा वजनदार कणा, असलेली बोट शिडावर मजेत चालली असती. त्यासाठी मुख्य शीड खालून बांधून लहान करायचं, म्हणजे रीफ घ्यायचा. पण त्याला सहसा दोन जाणती माणसं लागतात. एक सुकाणूवर बसून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडाला धरून ठेवतो, दुसरा डोलकाठीजवळ शीड सांभाळतो. तुमचा नावाडी एकटा होता. त्याने एका पाहुण्याला सुकाणूची दांडी धरायला सांगितली. ते गृहस्थ भले होते, पण ती दांडी उजवीकडे ढकलली की बोट डावीकडे वळते हे त्यांना कसं माहीत असणार? नाळ वाऱ्यावरून ढळली, अर्धवट चढलेलं शीड कडाडून फडफडलं आणि शिडाच्या तळाची आडवी दांडी, बूम, आमच्या डोक्यांवरून एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. आठ माणसं असती तर सगळ्यांना खाली वाकायला जागा मिळाली असती. तेरा जणांत वाकायचं म्हणजे पुढच्याच्या पाठीवर आदळायचं. एकाची टोपी पाण्यात गेली. टोपीच्या जागी काय असू शकलं असतं, हे तुमच्या धंद्यात असलेल्या माणसाला मी समजावून सांगायला नको.

नावाड्याने ताबडतोब शीड उतरवलं. त्याचा निर्णय बरोबर होता, आणि त्या दिवशी तुमच्या कंपनीने घेतलेला तेवढा एकच बरोबर निर्णय मला आठवतो.

लाइफ जॅकेटबद्दल. बोटीवर १० होती, कारण बोट १० जणांचीच आहे. आईने मोजून विचारल्यावर किनाऱ्यावरून आणखी तीन आणली, त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला. मुलाच्या मापाचं एकही नव्हतं. भाच्याला मोठ्या माणसाचं चढवलं. त्याचे खांदे धरून जॅकेट वर ओढून पाहिलं, तर ते थेट कानांपर्यंत आलं आणि हनुवटी आत गेली. असं जॅकेट पाण्यात पडल्यावर मुलाला वर ठेवत नाही, स्वतः तेवढं वर राहतं. धक्क्यावरच्या फळ्यावर त्या दिवशी पाण्याचं तापमान ११ अंश लिहिलं होतं. इतक्या गार पाण्यात पडलेल्या माणसाचा धोका थंडीने गारठण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पुढचं बोलायला नको. नंतर दहाएक मिनिटांत हातापायांतला जोर जातो, मग पोहता येत असून उपयोग नसतो. या सगळ्याबद्दल निघण्यापूर्वी पाच मिनिटं बोलायला हवं होतं. ते कोणी बोललं नाही, कारण आधीच अर्धा तास उशीर झाला होता.

मग इंजिन. जाताना वाऱ्याच्या तोंडावर, लाटांचे शिंतोडे खात. येताना वारा पाठीशी, तेव्हा डिझेलचा धूर पुढे येऊन आमच्यातच बसला आणि धक्क्यापर्यंत सोबत आला. बहीण उलटीच्या बेताला आली होती. चार तासांची सहल २ तास १० मिनिटांत संपली. नांगर टाकायचं वळण आम्ही लांबून पाहिलं. सुकाणू आईच्या हातात आलंच नाही. सकाळी तिने त्यासाठी बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या होत्या. त्या पिशवीतच राहिल्या आणि तिने विषयही काढला नाही. म्हणून मी काढते आहे.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. परतीच्या वाटेवर एक सुळका पाण्यात पुढे आलेला आहे, त्याच्या आडोशाला वारा मंदावला होता. नावाड्याने आमची तोंडं पाहिली असावीत. त्याने काही न बोलता इंजिन बंद केलं आणि पुढचं छोटं शीड तेवढं उघडलं. एकदम शांतता. आधी कानांत इंजिनाची घरघर रेंगाळली, मग ती विरली आणि बोटीच्या अंगाला घासत जाणारं पाणी ऐकू यायला लागलं. शिडात वारा भरला, दोर ताठ झाला, बोट किंचित कलली आणि आपसूक निघाली. हिमनद्यांनी दळलेल्या दगडाची पूड पाण्यात तरंगत असते, म्हणून असं सरोवर दुधाळ निळं दिसतं. हे मी भाच्याला सांगायला तोंड उघडलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. तेरा माणसांपैकी एकही बोलत नव्हतं. भाच्याने घड्याळ लावलं होतं: १७ मिनिटं.

तुमचा माल काय आहे ते मला त्या १७ मिनिटांत कळलं. तो उत्तम आहे. म्हणूनच बाकीचा वेळ जास्त बोचला.

माझ्या मागण्या अशा. सहलीचे २४० मिनिटांचे पैसे तुम्ही घेतलेत. त्यातली १७ मिनिटं, म्हणजे साधारण ७ टक्के रक्कम, तुमच्याकडे ठेवा, ती तुम्ही कमावली आहे. उरलेली चौघांच्या नावे परत करा. २० टक्के सवलत मला नको. पुन्हा पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, तिला भरपाई म्हणत नाहीत. दुसरं, त्या बोटीत १० च्या वर माणूस बसणार नाही, मदतनीस असल्याशिवाय बोट सुटणार नाही आणि मुलांच्या मापाची जॅकेट बोटीवर असतील, हे मला लेखी कळवा. वेळ बदलायची असेल तर ग्राहकाला कारण खरं सांगा आणि पैसे परत घ्यायचा पर्याय त्याच फोनवर द्या. आम्हाला तो पर्याय असता तर आम्ही आलोच नसतो.

या सगळ्याचं खापर नावाड्यावर फुटू नये. कोणावर तरी कारवाई केली असं दाखवण्यासाठी अशा वेळी खालच्या माणसाला पुढे करतात, हे मी पाहिलं आहे. अकराव्या माणसाला बोटीत घ्यायला त्याने नकार द्यायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण ज्याची नोकरी तुमच्या हातात आहे, त्याच्याकडून ती अपेक्षा करण्याआधी कार्यालयातल्या कोणीतरी ती पाळायला हवी होती.

सोबत पावती, तुमच्या माहितीपत्रकाचं मागचं पान, क्षमतेच्या पट्टीचा आणि वाऱ्याच्या मीटरचा फोटो, आदल्या रात्रीच्या फोनची नोंद आणि भाच्याच्या घड्याळाचा फोटो जोडला आहे. शेवटचा त्याच्या आग्रहाखातर. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर हेच पत्र ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे आणि तुमच्या बोटींना परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे जाईल. कृपया उत्तरात ‘वादळ’ हा शब्द पुन्हा वापरू नये.

आपली विश्वासू,
सकाळी साडेसातच्या सहलीची एक ग्राहक